आधी तुझ्या दाराला

“चाची, दार उघड गो. मी पमी.”

एप्रिलचं ऊन, बाराचा सुमार, मोहल्ल्यातली सगळी दारं ओढलेली. रोज्याचे दिवस होते, त्यामुळे चुलीचा धूर नाही की भांड्याचा आवाज नाही. मी कडी पुन्हा वाजवली. तेवढ्यात आत खोकल्याची उबळ आली आणि कुणी तोंडात कापड कोंबावं तशी मध्येच तुटली.

तो खोकला मी ओळखत होते. वर्षभर दुसरं केलंच काय होतं मी? घरोघरी जायचं, दारात उभं राहायचं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा आणि आकडा कमी आला तर ‘इथे रोगी आहे’ असा लाल कागद दाराला लावून पुढच्या भांडणाला तयार राहायचं. मी खारवली गावची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची बाई. पंधरा वर्षं गावातल्या बायांची बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले. वरची कुणबीवाडी आमची आणि खाली खाडीच्या अंगाला मोहल्ला, मध्ये दगडी पायऱ्यांची पाखाडी. मोहल्ल्यात माझ्याशिवाय वाडीतली दुसरी बाई सहसा उतरायची नाही. मी मात्र तिथे चहा पिऊन, भाकरी खाऊन, वर चार शिव्या ऐकून यायची. त्या शिव्या देणारी ही हव्वाचाची.

हव्वाचाची म्हणजे मोहल्ल्याचं शेवटचं पाणी. बाई वारली की तिला अंघोळ घालायचं काम तिचं. गुसल म्हणतात त्याला. कोमट पाणी, त्यात बोरीचा पाला, शेवटी कापूर. चाळीस वर्षांत तिनं किती बायांना असं निरोपाचं पाणी घातलं असेल, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. “तुला पण घातलं असतं गो पमी,” ती मला म्हणायची, “पण तुमचे लोक लाकडावर टाकायची घाई करतात.”

शेवटी खिडकीचं दार बोटभर उघडलं. आत अफरोजा होती, चाचीची सून.

“सगळे बरे हायत, पमीताय. तुम्ही जावा.”

“मग खोकतंय कोण? भिंत?”

“ठसका लागला.”

“रोज्याच्या दिवशी, भर दुपारी, कशाचा ठसका लागला गो? चाचीला किती दिवस ताप हाय?”

अफरोजाचे डोळे भरले. ती काही बोलणार तेवढ्यात मागून चाचीचा आवाज आला. आवाज कसला, नुसती धाप.

“तिला विचारू नको. मला विचार. पाच दिवस.”

“पाच! आणि मला कळवायला तुझी जीभ झडली काय? बोट दे बाहेर. चिमटा लावते.”

“लावशील. मग तो लाल कागद लावशील दाराला. मग गाडी बोलवशील.”

“बोलवणारच. मरायचंय काय तुला?”

चाची म्हणाली, “पमी, मोहल्ल्यात किती कागद लावलेस?”

“सहा.”

“आणि तुझ्या वाडीत?”

मी पिशवीचं तोंड आवळून धरलं. वाडीचे कागद त्यातच होते, म्हणजे उत्तर मिळालंच तिला.

“तुझ्या सासऱ्याला ताप हाय. पाखाडीवरनं येणारा जाणारा सांगतो. हाय की नाय?”

“हाय.”

“मग जा. कागद आधी तुझ्या दाराला लाव. मग इथे ये. मी गुमान गाडीत बसते. माझी जबान हाय.”

खिडकी मिटली.

आता हे ‘आधी तुझ्या दाराला’ कुठून आलं, ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी हट्टी होती. हट्टी होतीच. पण तिच्याकडे माझी एक शपथ ठेवलेली होती.

आदल्या वर्षी, साथ नवी होती तेव्हा, मोहल्ल्यातली मुमताज तालुक्याच्या दवाखान्यात वारली. गाडीतून पिशवी आली. चेन लावलेली, काळी. कब्रस्तानाच्या फाटकाशी पोलीस, अंगभर पांढरा वेष घातलेले चारजण आणि बाजूला मुमताजचा नवरा डोकं आपटून घेतोय की एकदा तोंड तरी दाखवा. पोरं तापली होती. दगड उचलायला किती वेळ लागतो? तेव्हा चाची पुढे झाली आणि पोलिसाला नाही, साहेबाला नाही, मला विचारलं.

“पमी, पिशवी उघडायची नाय?”

“नाय चाची.”

“पाणी नाय घालायचं?”

“नाय.”

“तुमच्यात पण असंच?”

“आमच्यात पण. अंघोळ नाय, तोंडात गंगा नाय, खांदा नाय. नियम सगळ्यांना एकच.”

“शपथ घे.”

“वाघजाईची शपथ.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग खाली बसून कोरड्या मातीवर तळहात टेकले, झटकले, आणि मौलानांना विचारून ठेवल्याप्रमाणे ते हात पिशवीवरूनच, तोंड असेल तिथून आणि हात असतील तिथून फिरवले. पाण्याच्या जागी माती. पोरं मागे सरली. त्यानंतर मोहल्ल्यानं माझा शब्द खाली पडू दिला नाही. मशिदीला त्यांनी स्वतःच कुलूप लावलं. ईद घरात केली. मुंबईहून आलेला पोरगा चौदा दिवस होडीत राहिला, जेवण काठावर ठेवायचे. मी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगायची, माझा मोहल्ला बघा म्हणून. डॉक्टर मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या माझ्यासाठी.

फक्त चाची एकदा म्हणाली होती, “त्या चेनीचा आवाज कानातून जात नाय गो.” मी म्हटलं, जाईल. मला कामं होती.

मग दुसऱ्या वर्षीचा शिमगा आला. वरून हुकूम आला की पालखी घरोघर न्यायची नाही, देवळातच दर्शन. मी मोहल्ल्यात जाऊन सांगितलं, कारण आमच्या वाघजाईच्या पालखीपुढच्या दिवटीला तेल घालायचा मान हव्वाचाचीच्या घराचा. आजे-पणजे कधीपासून घालत आले, कुणाला ठाऊक नाही. चाची म्हणाली, “बरं. पुढच्या वर्षी.”

आणि वाडीत? वाडीत आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, सगळ्यांना जमवलं. चाळीस वर्षांचे मानकरी ते. “देवीला हुकूम करणारा कोण जन्माला आला?” म्हणाले. झालं. मुंबईचे चाकरमानी आलेलेच होते. ढोल वाजला, पालखी निघाली. पहिलं घर नेहमीप्रमाणे आमचं. मी विधवा बाई, घरात मी आणि आबा दोघंच. मी डॉक्टर मॅडमना एक फोन करायचा होता. फोन हातात होता. मी तो कमरेला खोचला आणि पालखीवर फुलं टाकली. खरं सांगू? मला आनंद झाला होता. वर्षभर मेलेल्या माणसांच्या याद्या केल्यावर देवी दारात नाचताना बघून रडू आलं मला. मास्क गळ्यात ओढून मी पालखीमागून चालत गेले, थेट पाखाडी उतरून मोहल्ल्यापर्यंत.

चाचीचं दार बंद होतं. बाहेर दगडी गडग्यावर तेलाचा तांब्या ठेवलेला, वर झाकणी. नियम पाळून मान दिला होता तिनं. दिवटीवाल्यानं तेल ओतून घेतलं आणि मी वर बघितलं तर खिडकीत चाची. तिनं देवीला हात जोडले. मग तिची नजर माझ्या गळ्यातल्या मास्कवर आली. मी घाईनं तो वर ओढला. चोर पकडल्यावर खिसे झाकतो तसं.

पंधरा दिवसांत अर्धी वाडी खोकायला लागली. “पमे, उन्हाचा ताप हाय गो.” “पमे, आमच्या दाराला कागद नको, पोरीचं लग्न ठरलंय.” “पमे, तू आपली हायस ना?” मी आपली होते. गोळ्या देत राहिले, कागद पिशवीतच राहू दिले. आबांना चार दिवस ताप होता आणि मी त्यांना काढा पाजत होते. बोटावर सकाळीच एक्याण्णव आलं होतं. मी तो आकडा कुठेच लिहिला नव्हता.

तर अशी मी, चाचीच्या खिडकीखाली उभी.

पाखाडी चढताना खोटं बोलायचंही मनात आलं. आंब्याखाली अर्धा तास बसायचं, परत जायचं, सांगायचं, लावला. चाची काय बघायला येणार होती? आंब्याखाली मी थांबलेही. पण त्या बाईपुढे मी एकदा शपथ घेतली होती आणि तीही त्याच देवीची, जिच्या पालखीमागून मी मास्क उतरवून चालले होते. आणखी किती खोटं चढवायचं एका देवीवर? उठले.

घरी आबा पडवीत बाकावर आडवे होते. मी चुलीवर तांदळाच्या पिठाची खळ शिजवायला घेतली.

“काय करतेस?” आबांनी विचारलं.

“खळ.”

“कुणाच्या दाराला?”

“आपल्या.”

आबा उठायला गेले, धाप लागली, परत बसले. “शुद्धीवर हायस ना पमे? देवी पहिली या दारात येते. त्या दाराला तू तो कागद लावणार?”

“तुम्हाला ताप हाय, आबा. आकडा खाली चाललाय. आज ना उद्या दम लागेल.”

“लागू दे. मरेन. पण मानानं मरेन.”

“आणि तुमच्यामागं बाकीचे मेले तर? ते कुणाच्या मानानं मरतील?”

“तुला तिकडून कुणी शिकवलं हे.”

“हो, शिकवलं,” मी म्हटलं. “आपल्यात शिकवणारं कुणी नव्हतं, मग तिकडे जावं लागलं.”

एवढं बोलून मी पिशवीतला कागद काढला. बोटांनी खळ फासली. कागद वाकडा लागला, काढून परत लावला. पलीकडच्या अंगणातून शेवंतीकाकू बघत होत्या. त्यांनी नुसतं “अगो बाय!” म्हटलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पाच मिनिटांत वाडीतली दारं एकेक करून लागली. कुणी माझ्याशी भांडायलाही आलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

मी डॉक्टर मॅडमना फोन लावला. वाडीत तपासणीला माणसं पाठवा म्हटलं आणि दोन गाड्या.

मोहल्ल्यात परत गेले तेव्हा तास उलटून गेला होता. अफरोजानं या वेळी दार उघडलं. चाची खाटेवर उशीला टेकून बसली होती, ओठ जांभळट. कोपऱ्यात सुपात बोरीचा पाला होता, हिरवागार, ताजा. बाजूला कापराची पुडी आणि घडी केलेलं नवं पांढरं कापड. तिच्या धंद्याचं सामान, मला नवल वाटलं नाही.

“लावलास?”

“लावला.”

तिनं माझा हात ओढून घेतला. बोटांवर खळ वाळून कडक झाली होती. ती अंगठ्यानं चोळत राहिली, पापुद्रे पडत राहिले.

“खरंच लावलास गो,” ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला. मला वाटलं, आनंदानं हसतेय. मी पण वेडी, तिच्याबरोबर हसले. चिमटा लावला तर आकडा चौऱ्याहत्तर.

“चला,” चाची म्हणाली. “बोलले म्हणजे बोलले.”

अफरोजा रडायला लागली तर तिला म्हणाली, “रडतेस काय? जबान दिलीय मी.” गाडीत बसताना तिनं एकदाच वळून घराकडे बघितलं.

ती चौथ्या दिवशी गेली.

पिशवी आली, तशीच, काळी. कब्रस्तानात चारच माणसं, सगळे पुरुष. बाईला बाईचाच हात लागायला पाहिजे आणि अख्ख्या गावात बाईच्या मापाचा एकच पांढरा वेष होता, माझा. मी तो अफरोजाला घातला. आधी हातमोजे, मग टोपी, मग चेन गळ्यापर्यंत. ती लेकरासारखी हात वर करून उभी राहिली. वेष तिच्या अंगावर गेला म्हणून मला फाटकाच्या आत जाता येईना. मी रस्त्यावर उभं राहून बघितलं. अफरोजानं मातीवर हात टेकले, झटकले आणि सासूवर फिरवले. जिनं एवढ्या बायांना पाणी घातलं, तिच्या वाट्याला माती.

वाडीत तपासणीत तेवीसजण आजारी निघाले, म्हणून वाटेवर बांबू आडवे बांधून वाडी बंद केली. दोघं गेले. आबा वाचले. त्या दिवशी गाडीत घातले नसते तर गेले असते, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पण आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलं. एका घरात दोन माणसं, अन् ताटात वाढलं की खायचं, मीठ कमी असलं तरी मागायचं नाही. वाडीतलं एक लग्न त्या बांबूंच्या अडसरापायी मोडलं, ते माझ्या नावावर जमा झालं. ‘वाळीत’ हा शब्द आता कुणी उच्चारत नाही, कायदा आहे. पण भातलावणीला कुणी येत नाही. लग्नाचं बोलावणं येत नाही. विहिरीवर मी गेले की बायांच्या कळश्या लवकर भरतात. आणि शिमग्यात पालखी आमच्या दारावरून पुढे जाते.

पहिल्या वर्षी तशी गेली तेव्हा आबा पडवीत धोतर नेसून, टोपी घालून उभे होते. हातात नारळ. ढोल जवळ आला, समोर आला, पुढे गेला. आबा नारळ घेऊन तसेच उभे. मी म्हटलं, “आबा, बसा.” ते बसले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत ते गेले. जाताना पाणी मागितलं, तेही शेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघून.

मोहल्ल्याचं काय, म्हणाल तर तिथे माझ्यासाठी दारं उघडी होती. चहा होता, भाकरी होती. पण शिव्या देणारं कुणी नव्हतं.

यंदा शिमग्याला मी एकटीच होते. दुपारी अफरोजा आली, हातात तेलाचा तांब्या. त्या कागदापासून पालखी त्यांच्या पाखाडीकडेही वळत नाही, मधल्या रस्त्यानं जाते.

“पमीताय, हे तेल तुमच्याकडे ठेवते. तुमच्या दारावरून तरी जाते ना ती. घेतलं तर घेतलं.”

“बस गो,” मी म्हटलं. बसलो दोघी पडवीत. बोलता बोलता चाचीचा विषय निघाला. मी म्हटलं, “एवढं मात्र मनात राहिलंय अफरोजा. तो तास. मी कागद लावायला आले नसते, तेव्हाच दार फोडून तिला नेली असती तर कदाचित.”

अफरोजा तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

“पमीताय, तिला जायचंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“पाचही दिवस ती मला एकच सांगत होती. घरातच मरेन, मला पिशवीत घालू देऊ नको. पाला तिनंच काढून आणवला माझ्याकडून. कापड तिनंच काढलं. पाणी कसं घालायचं, आधी उजवं अंग, मग डावं, सगळं माझ्याकडून बोलून घेतलं. तुम्ही आलात तेव्हा मी घाबरले, आता ही नेणार म्हणून. तर म्हणाली, गप बस, मी पमीला अशी अट घालते की ती परत येणार नाय.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

“मी कागद लावणार नाही, असं वाटलं तिला.”

“वाटलं नाय. खात्री होती. म्हणाली, पमी माझ्यावर जीव टाकते, पण वाडीसमोर नाय उभी राहायची ती. त्या खात्रीवर बोलली होती ती.”

“आणि मग मी आले.”

“मग तुम्ही आलात, बोटांना खळ घेऊन.” अफरोजानं डोळे पुसले. “तुम्ही गाडी बघायला बाहेर गेलात ना, तेव्हा मला म्हणाली, ‘पमीनं मला हरवलं गो.’ मी म्हटलं, नको जाऊ, अम्मा. तर म्हणाली, ‘ती पोरगी सगळं सोडून शब्दाला जागली. आता मी नाय जागले तर पुन्हा कोण कुणाचं ऐकेल?’”

खाली ढोल वाजायला लागला. वाडीतल्या पहिल्या मानाच्या घराशी, जो मान आता आमचा नाही, तिथे पालखी नाचत असणार. मला रडू फुटलं, आवरलं नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसलेलं असताना रडत होते, म्हणून आवरायचा प्रयत्नही केला नाही. अफरोजा माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. ढोल वर चढत आला.

“दार ओढून घेऊ काय, पमीताय?” तिनं विचारलं. “उगाच बघायला नको पुढे जाताना.”

त्या दारावर अजून त्या कागदाचा एक कोपरा आहे. खळ घट्ट शिजली होती, निघत नाही.

“नको,” मी म्हटलं. “राहू दे उघडं.”